कोन्ती आजी?

मी हैदराबाद संस्थानात अर्जनवीस होतो. कचेरीसमोरच्या लिंबाखाली पोतं अंथरून बसायचं, लोकांनी मराठीत रडायचं आणि मी ते उर्दूत लिहायचं. वीस वर्षं लिहिलं. कचेरीतला पेशकार म्हणायचा, चन्नप्पा, तुझा कागद वाचायला चष्मा लागत नाही. त्याचा मला लय गर्व होता, उगं खोटं कशाला बोलू.

त्या वीस वर्षांत एक चूक केली. ती अकरा वर्षं दफ्तरात पडून होती आणि मला पत्ता नव्हता.

झरीकडची दगडाबाई. नवरा मेलेला, पदरात एक पोरगी. पहिल्यांदा आली तेव्हा एवढंच म्हणली, "आप्पा, आजी गेली. आजीचं वावर माज्या नावावर करायचंय." तिच्या मागं तीन माणसं ताटकळलेली, ऊन डोक्यावर आलेलं. मी लिहून टाकलं की अर्जदार बाईला ही जमीन दादीकडून आली. तिनं अंगठा लावला. वावर नावावर झालं, विषय संपला.

आता उर्दूत आईच्या आईला नानी म्हणतात आणि बापाच्या आईला दादी. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, शाळा सगळी उर्दूतच झाली होती माझी. पण आपल्यात दोघीही आजीच. तिनं आजी म्हणलं, हातानं दादी लिहिलं. विचारलं नाही.

अकरा वर्षांनी तिचा चुलतभाऊ वैजीनाथ याला जाग आली. कुण्या शहाण्यानं त्याला जुना अर्ज वाचून दाखवला असणार. त्यानं दावा ठोकला. कागदावर दादी लिहिलंय, तिची दादी ती माझीपण दादी, मी नातू, ती परक्या घरी दिलेली पोरगी, वावर माझं. बोलायला चोख माणूस. आणि कागदाप्रमाणं बघितलं तर खोटं काय होतं त्यात?

दगडाबाई तडक लिंबाखाली आली. बसली नाही.

"आप्पा, काय लिवून ठिवलंय तुमी?"

"तू सांगितलं तेच. आजी."

"कोन्ती आजी?"

"कोन्ती म्हणजे? आजी ती आजी."

"अवो, ती माज्या आईची आई व्हती! बापाच्या आईला कुठलं आलंय वावर? तिला नेसायला धड लुगडं न्हवतं! तुमी मला इचारलं का, कोन्ती आजी म्हनून? एक डाव तरी इचारलं?"

चार लोकं बघायला लागली. मला राग आला. वीस वर्षांत माझ्या कागदाला कुणी नाव ठेवलं नव्हतं.

"तुला सांगायला काय झालतं?" मी म्हणलं.

"मला काय ठावं तुमच्या उर्दूत दोन आज्या असत्यात ते! त्या वावराबिगर मला काय बी न्हाई, आप्पा. पोरीला घिऊन जाऊ कुठं?"

"बघतो," म्हणलं मी. बघितलं काहीच नाही. चूक माझी म्हणलं की अर्ज लिहायची सनद जाणार, आणि सनद गेली की लिंबाखाली बसलेला एक म्हातारा तेवढा उरणार. मी भ्यालो. सरळ सांगतो, भ्यालो.

सुनावणी लागली. साहेब हैदराबादकडचे, मराठीचा गंध नाही. पेशकार उर्दूत तर्जुमा करायचा, त्याचीही मराठी कामापुरतीच. जुन्या दफ्तरात मालकिणीचं नाव निघालं बायनाबाई. नवऱ्याच्या नावावर पाणी सांडून शाई फुटलेली. साहेबांनी वैजीनाथला त्याच्या आजीचं नाव विचारलं. तो म्हणला, बायनाबाईच. खोटं म्हणावं तर खरं कुणाला माहीत? त्याच्या घरचा शजरा, म्हणजे वंशावळ, आणला, त्यात बाप, आजा, पणजा, खापरपणजा सगळे ओळीनं बसलेले. बाई एक नाही. गावातले दोन म्हातारे आले. त्यांना विचारलं, वावर कुणाचं? दोघंही म्हणले, आजीचं. अन् त्या आजीचं नाव काय? म्हणले, आजीच म्हणायचो, हुजूर. शिव शिव! सात पिढ्या ज्यांनी भाकरी थापली त्यांचं नाव विचारलं की सगळं गाव मुकं.

साहेब कंटाळले. वैजीनाथला म्हणले, तू कधी त्या वावरात गेला तरी होतास का?

वैजीनाथ फुशारला. "गेलो न्हाई म्हंजी? हुरड्याच्या दिसात आमी समदी पोरं दगडीच्या आजोळीच पडून असायचो की, हुजूर!"

पेशकारानं सांगितलं, "बचपन में दादी के घर जाया करते थे."

साहेबांनी मान हलवली आणि दौतीत टाक बुडवला. दगडाबाई खाली बघत उभी होती. तिला उर्दू कळत नव्हती, वैजीनाथला आपण काय बोललो ते कळलं नव्हतं. त्या खोलीत ते कळलेला माणूस एकच होता, आणि तो दाराशी उभा होता. सनद माझ्या खिशात होती.

"हुजूर," मी म्हणलं. "तर्जुमा चुकला. हा दगडाबाईचं आजोळ म्हणला. आजोळ म्हणजे ननिहाल. आईकडचंच घर. बापाच्या आईच्या घराला आजोळ कुणी म्हणत नाही, ते आपलंच घर असतं."

साहेबांनी टाक ठेवला. वैजीनाथला विचारलं, "तुम्हारा आजोळ कहाँ है?"

"ताडकळस," वैजीनाथ बोलून गेला, आणि मग त्याच्या ध्यानात आलं, वावर दगडीच्या आईकडचं हे आपणच सांगून बसलो.

"तो फिर अर्जी में दादी किसने लिखा?"

"मी लिहिलं," मी म्हणलं. "न विचारता लिहिलं."

साहेबांनी दादी खोडून स्वतःच्या हातानं वर नानी लिहिलं, आणि माझ्यापुढं हात केला. मी सनद त्यांच्या हातावर ठेवली.

बाहेर पायरीवर दगडाबाई भेटली. मला वाटलं, पाया पडेल. कशाची पडते! म्हणली, "अकरा वर्सामागं इचारलं असतं तर एका बोलात भागलं असतं, आप्पा." आणि गेली.

बारा वर्षं मी लिंबाखाली नुसता बसायचो. माझ्या जागेवर आश्रुबा नावाचा नवा अर्जनवीस आला, तरणा, झरझर लिहिणारा. एके दिवशी दगडाबाई त्याच्यापुढं बसलेली दिसली. शेजारी नऊ-दहा वर्षांची पोरगी. दगडाबाईचे केस पार पिकले होते. माझ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. आश्रुबानं कागद संपवला, तिचा अंगठा धरून शाईत बुडवला. तेव्हा ती अंगठा तसाच वर धरून उठली, कागद घेतला आणि माझ्यापुढं येऊन बसली.

"वाचा, आप्पा."

"वाचून दाखवायला सनद लागत नाही," मी म्हणलं. लय वर्षांनी कुणीतरी कागद दिला होता. "काय करायलीस तू?"

"वावर नातीच्या नावावर करायलेय. ह्या कोकिळाच्या."

अक्षर सुंदर होतं. माझ्यापेक्षा सुंदर. वाचत वाचत त्या शब्दापाशी आलो आणि थांबलो. आश्रुबानं लिहिलं होतं, पोती. पोती म्हणजे मुलाची मुलगी.

दगडाबाईला मुलगा नव्हताच.

तिचा अंगठा कागदावर यायला लागला होता. मी तिचं मनगट घट्ट धरलं.

"थांब, बाई," मी म्हणलं. "कोन्ती नात?"