तिला घरी पोहोचवलं

शनिवारी दुपारी तरुण फादर चर्चच्या कचेरीत उत्तरपत्रिका तपासत बसले होते. दीक्षा होऊन जेमतेम दीड वर्ष झालेलं. आठवडाभर सेमिनरीत भावी धर्मगुरूंना नीतिशास्त्र शिकवायचं आणि शनिवार-रविवार या चर्चचं काम पाहायचं. विवाहाच्या प्रश्नावर विद्यार्थ्यांनी पानंच्या पानं भरली होती, आणि फादर खुशीत गुण देत होते.

तेवढ्यात दारात इस्त्रीवाली येऊन उभी राहिली. ओठ फाटलेला, एक डोळा सुजून मिटलेला.

"फादर, आज तो मला जिवंत ठेवणार नाही. मला जरा..."

"तुझा सुतार नवरा पुन्हा प्यायला वाटतं?"

फादरांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. बोलू मात्र दिलं नाही. विवाहाचं बंधन, क्षमा, सहनशीलता, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. शिवाय तिचे सासरे चर्चच्या समितीचे प्रमुख. मार खाऊन आलेल्या बाईची समजूत घालायची आणि तिला घरी धाडायचं, ही वस्तीतली जुनी रीत. सगळे त्या रीतीलाच धर्म समजत.

"चल, मी स्वतः येतो सोबत," फादर म्हणाले. ती उठली. त्यांच्या मागून चालू लागली.

फादरांना पाहताच सुताराने त्यांचे पाय धरले, बायबलवर हात ठेवून ढसाढसा रडला. सासरे म्हणाले, "तुम्ही आलात म्हणून घर सावरलं बघा." फादर समाधानाने निघाले. गल्लीचं टोक गाठलं नाही, तोच मागून किंकाळी आली.

ते धावत परतले. दाराला आतून कडी. सासरे पायरीवर बसलेले.

"घरातलं घरात मिटेल, फादर. तुम्ही जा."

फादरांनी लाथ घातली. तिसऱ्या लाथेला कडी तुटली. आत सुताराने तिचा उजवा हात कामाच्या बाकावर दाबून धरला होता आणि दुसऱ्या हातातली लाकडी मोगरी वर उचलली होती.

"चर्चमध्ये जाऊन माझी अब्रू काढतेस?"

मोगरी तिच्या बोटांवर आदळली. पुन्हा आदळली. बाकावरचा भुसा लाल झाला. फादर मध्ये पडले, तेव्हा पुढचा घाव त्यांच्या मनगटावर बसला आणि हाड कडकन मोडलं. त्यानंतरचा तिच्या कपाळावर. फादरांनी डाव्या हाताने रंधा उचलला आणि सुताराच्या खांद्यावर हाणला. जन्मात त्यांनी कुणावर हात उगारला नव्हता. सुतार कोसळला, तेव्हा कुठे शेजारचे चौघे आत आले. ते मघापासून बाहेरच उभे होते.

इस्पितळात तिची तीन बोटं कापावी लागली. तिसऱ्या दिवशी ती शुद्धीवर आली.

"मला माफ कर," फादर म्हणाले.

"मी बहिणीकडे निघाले होते, फादर," ती हळूच म्हणाली. "वाटेत त्याने गाठू नये म्हणून बसथांब्यापर्यंत सोबत मागायला आले होते. तुम्ही विचारलंच नाहीत." आणि तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

खोलीबाहेर सासरे आणि सेमिनरीचे प्रमुख, रेक्टर, थांबले होते.

"जिन्यावरून पडली, एवढंच सांगा," सासरे म्हणाले. "चर्चची लाज राखा."

"तुमच्या नोकरीचाही विचार करा," रेक्टरांनी खालच्या आवाजात जोड दिली. "विद्यार्थ्यांपुढे काय तोंड दाखवाल?"

"हेच तोंड. दुसरं आहे कुठलं?" फादर रेक्टरांना म्हणाले.

फादर तडक पोलीस ठाण्यात गेले. फौजदाराने सुताराचं नाव लिहून घेतलं, मोगरी लिहिली, घाव लिहिले.

"अजून एक राहिलं," फादर म्हणाले. "ती सुटून आली होती. तिला त्या घरात मी परत नेऊन सोडलं."

फौजदाराने पेन थांबवलं. "तो काही गुन्हा होत नाही, फादर. कशाला लिहायचं?"

"तुमच्या कायद्यात होत नसेल. तरी लिहा. सगळ्यात आधी लिहा."

उजवा हात प्लास्टरमध्ये होता. फादरांनी डाव्या हाताने, लहान मुलासारख्या वेड्यावाकड्या अक्षरांत, खाली सही केली.