स्क्रूचं टोक

फेलोशिपचा अर्ज संध्याकाळी पाचला बंद होणार होता आणि सकाळी अकराला सुतारीणबाई दहावा एक्स-रे जोडत बसली होती. हे नाव तिला वॉर्डाच्या मुख्य सरांनी ठेवलेलं, हातोडी आणि ड्रिल चालवते म्हणून. हाडांच्या डॉक्टरांना एवढी थट्टा सोसावीच लागते. खुब्याच्या शस्त्रक्रिया शिकायला जागा दोनच, आणि वयाची अट पाहता तिची ही शेवटची संधी. आई रोज फोनवर विचारायची, पाठवलास का गं.

दहावा एक्स-रे तिचा लाडका. नऊ नंबरच्या खाटेवरच्या शिंपीणमावशींचा खुबा मोडला होता आणि परवा तो तिनं एकटीनं जोडला होता, अवघ्या अठ्ठावीस मिनिटांत. पेशंटचं नाव झाकायचं म्हणून तिनं फोटो मोठा केला आणि खुर्ची पुढे ओढली. बाजूनं घेतलेल्या फोटोत स्क्रूचं टोक हाडातून बाहेर येऊन सांध्यात डोकावत होतं. शेजारच्या ऑपरेशन थिएटरला एक्स-रे मशीन हवं होतं, म्हणून परवा तिनं नुसतं समोरून बघितलं होतं. बाजूनं बघायचं राहिलं. राहिलं कसलं, मिरवायची घाई झाली होती. आणि नंतरच्या फोटोवरून सगळ्यांनी, तिनंसुद्धा, नुसती नजर फिरवली होती.

कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पण चार वाजता मावशींना पहिल्यांदा उभं करणार होते. पायावर भार आला की ते टोक सांधा खरवडणार. तिनं दुसऱ्या पेशंटचा एक्स-रे शोधला, दहाव्या जागी जोडलासुद्धा. मग तिनं माउस सोडून दिला आणि आधी सिस्टरला सांगितलं, मावशींना खायला काही देऊ नका, उभंही करू नका, पुन्हा ऑपरेशन लागेल.

सर दोन ऑपरेशनांच्या मधे हात पुसत उभे होते. त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला. आधी का पाहिला नाही, एवढंच विचारलं. अर्जासोबतचं शिफारसपत्र पाचच्या आत त्यांनाच भरायचं होतं. प्रश्न वीस, आणि सर एका बोटानं टाइप करणारे.

"तीनपर्यंत ऑपरेशनं आहेत. तीन ते पाच मी मोकळा आहे, थिएटरही, आणि या वेळी मी समोर हवाच," ते म्हणाले. "पुढची वेळ चार दिवसांनी. तोवर मावशींना अंथरुणावरच ठेवता येईल. शिफारस की स्क्रू, ते तू सांग."

तिला रडू फुटेल असं वाटलं. सर हे स्वतः का ठरवत नाहीत, याचा तिला भयंकर राग आला.

"स्क्रू," ती म्हणाली.

मावशींच्या खाटेशी बसून तिनं चूक सांगितली, माझ्या हातून झाली असंच सांगितलं. मावशींनी संमतीच्या कागदावर सही केली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. ते तिला सरांच्या प्रश्नापेक्षा जास्त लागलं.

या वेळी तिनं समोरून पाहिलं, बाजूनंही पाहिलं, पुन्हा पाहिलं. सर समोर उभे होते, पण त्यांनी हात लावला नाही. टाके घालून ती वळली तेव्हा घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. सर नुसते "बरं" म्हणाले आणि हातमोजे काढून निघून गेले.

भुलीच्या इंजेक्शनानं मावशींची कंबर अजून बधिर होती, डोकं मात्र चांगलंच जागं. सिस्टरनं काहीतरी सांगितलेलं दिसत होतं.

"तुझा अर्ज हुकला म्हणे."

"हो."

"मला का नाही सांगितलंस? मी राहिले असते की चार दिवस पडून."

सुतारीणबाईनं त्यांच्या पायावरची चादर सारखी केली.

"राहिला असता, मावशी. या वयात चार दिवस हलायचं नाही म्हणजे छातीत कफ भरतो, पाठीला जखमा होतात. म्हणून तर सांगितलं नाही."