बाबांना न आलेला वास

"आई, कुणीतरी खोडरबर जाळतंय," ईशान मागच्या सीटवरून म्हणाला, तेव्हा गाडी जे. पी. नगरच्या सिग्नलला अडकली होती. शमिकालाही वास आला. तिखट, घशात जाऊन बसणारा. स्टिअरिंगवर तिचे बाबा होते. त्यांनी आरशातून नातवाकडे पाहिलं.

"बाहेरून येत असेल रे. ट्रॅफिक केवढं आहे बघ."

शमिकाला नवल वाटलं ते याचंच. बाबांची, म्हणजे मधुकररावांची, सगळी नोकरी सरकारी विमान कारखान्यात झालेली. यंत्र तापायच्या आधी यांच्या नाकाला कळतं, अशी त्यांची तिथं ख्याती. आई गेल्यावर ते लेकीकडे राहायला आले आणि आल्या आल्या त्यांनी स्वतःला एक काम लावून घेतलं, ईशानला शाळेत सोडायचं आणि आणायचं. तेवढ्यासाठी रोज इस्त्रीचा शर्ट घालायचे. गाडीला एरवी घरातलं कुणी हात लावत नसे.

वास काही जाईना. शनिवारी ईशानला चित्रकलेच्या क्लासला सोडून आल्यावर बापलेक बॉनेट उघडून उभे राहिले. बाबांच्या अंगात जुना उत्साह संचारला होता.

"आधी बेल्ट. रबर जळतं ते बहुधा इथं." त्यांनी अंगठ्यानं दाबून पाहिलं. "ताण बरोबर आहे. कड कुठं उसवलेली नाही. आता खाली वाक, मोबाइलचा दिवा लाव. सायलेन्सरला प्लास्टिकची पिशवी चिकटलीय का?"

"काही नाही. तेलही गळत नाहीये."

"मग ब्रेक." त्यांनी प्रत्येक चाकाजवळ हात नेऊन पाहिला. चारही सारखीच कोमट. ते सरळ उभे राहिले. "वास आत्ता येतोय?"

"चांगलाच येतोय की!"

बाबा इंजिनावर ओणवे झाले. डोळे मिटून त्यांनी खोल श्वास घेतला. मग आणखी एक. शमिका त्यांचा चेहरा बघत होती. चेहऱ्यावर काही उमटलंच नाही.

"तू सांग कसा आहे तो," ते हळूच म्हणाले. "तेलकट की करपट?"

"बाबा, तुम्हांला येत नाहीये?"

ते हात पुसत राहिले. "दिवाळीत तुझी फोडणी करपली होती बघ. सगळे खिडक्या उघडायला धावलात. तुम्ही धावलात म्हणून मीही धावलो."

शमिका आणखी काही विचारणार होती. पण बाबांनी बॉनेट लावूनही टाकलं होतं. "ते राहू दे. पुलाच्या चढावर नेऊन बघू."

चढावर इंजिन ओरडायला लागलं, गाडी मात्र ओढेना.

"क्लच घसरतोय. त्याचीच प्लेट जळतेय," बाबा म्हणाले. उत्तर सापडल्याचा आनंद त्यांच्या आवाजात क्षणभर होता. मग तो विझला. पुलाखाली उतरून, मागच्या रिकाम्या रस्त्यावर वळल्यावर ते म्हणाले, "शमू, तू रस्ता बघू नकोस. माझ्या डाव्या पायाकडे बघ. क्लचवरून पुरता उठतोय का?"

तिनं पाहिलं. गिअर पडला. पाय वर यायला निघाला आणि अर्ध्यातच थांबला.

"उचलला?"

"थोडा राहिलाय, बाबा."

"आता?"

पाय तिथंच होता. पेडलवर, दमून टेकल्यासारखा. "अजून आहे," ती म्हणाली, आणि बोलल्याबरोबर तिला वाटलं, खोटं बोलले असते तर बरं झालं असतं.

त्यांनी गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं.

"मला तर वाटत होतं उचललाय," ते म्हणाले. "या पायानं मी पोराला रोज नेत होतो गं."

डॉक्टरांची वेळ मिळाली आठवडाभरानंतरची. गाडी त्याआधीच नीट झाली. सोमवारी दुपारी ती आणायला दोघं गॅरेजवर गेली. मालक गुरुराज मूळचा निपाणीचा. मराठी गिऱ्हाईक दिसलं की त्याची जीभ सैल सुटायची. काढलेली क्लचप्लेट त्यानं बाकावर आपटली.

"काय ओ सर, पार पापड केलाय की हिचा! क्लचवर पाय ठिवून झोपतंय कोण? अक्का, तुम्हीच न्हवं?"

बाबांचे ओठ हलले. शमिकाच आधी बोलली. "मीच. वाईट सवय आहे मला."

"तरी म्हटलं! सर असं करायचे न्हाईत. स्वल्प शिकवा की हो सर ह्यांना."

शमिका वाट बघत राहिली. कारखान्यात एकदा साहेबाची चूक एका कामगाराच्या माथी मारली जात होती, तेव्हा याच माणसानं भर मीटिंगमध्ये उभं राहून आपली बढती घालवली होती. आता म्हणतील, नाही गुरुराज, पाय माझा होता. बाबा प्लेटच्या काळ्या कडेवरून बोट फिरवत होते.

"शिकवतो," ते म्हणाले.

त्यांनी तिला खोटं पाडलं असतं, चारचौघांत रागावले असते, तर ती सुखानं घरी गेली असती.

किल्ली गुरुराजनं सवयीनं बाबांपुढे धरली. त्यांनी ती न बघताच तिच्या हातात दिली, गाडीला वळसा घातला आणि डावीकडचं दार उघडलं.

शाळा सुटली होती. ईशान दप्तरासकट आत घुसला आणि थबकला. "आजोबा, तुम्ही इकडे का बसलात?"

"तुझ्या आईला गाडी शिकवतोय."

"तिला येते की!"

"येते तशी. पक्की नाही अजून."

"मग उद्या?"

"उद्याही." बाबा समोरच्या काचेतून बाहेर बघत होते. "वेळ लागेल रे तिला. बराच वेळ लागेल."

कॉलेजात असल्यापासून गाडी चालवणाऱ्या शमिकानं पहिला गिअर टाकला.

"हळू सोड," बाबा म्हणाले. "एकदम नको."

"हो, बाबा," ती म्हणाली, आणि नवशिक्या पोरीसारखी पुढं वाकून बसली.