खांद्यावरची बोटं

मंगरूळपीरच्या अमरदीपचा उजवा खांदा संक्रांतीपासून धरला होता, तो काही सुटायचं नाव घेत नव्हता. खांद्यातून निघालेली कळ पाठीत उतरायची आणि कमरेत ठाण मांडून बसायची. अमरदीप ढोलकी वाजवायचा, बायको सुकेशनी भीमगीतं गायची, आणि दोघं मोटारसायकलवरून गावोगाव कार्यक्रम करत फिरायचे. ढोलकी पुढे टाकीवर, पेटी मागच्या कॅरिअरला बांधलेली, आणि मधे दोन्हीकडे पाय टाकून बसलेली सुकेशनी. एप्रिल म्हणजे जयंतीचा महिना. या महिन्यात ढोलकीवाल्याचा हात उचलला नाही, तर पुढे वर्षभर त्याला कोण विचारतो?

उपाय काय कमी केले होते? बबलू मिस्त्रीनं हँडल उंच करून दिलं, शॉकअप बदलले, सीटवर जाड फोम चढवला. कमरेला पट्टा आला. मोबाईलवरच्या कुठल्याशा व्हिडिओत सांगितलं म्हणून अमरदीप मधेमधे गाडी थांबवून, रस्त्याच्या कडेला खांदे गोल फिरवत उभा राहायचा; येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटायचं, पेट्रोल संपलं बिचाऱ्याचं. डॉक्टरच्या गोळीनं झोप तेवढी छान यायची. सुकेशनी रोज तेल चोळून द्यायची आणि चोळताना एक शब्द बोलायची नाही.

शेवटी त्याला कुणीतरी शिरपूरच्या अलीकडच्या तांड्यावरची रुपाबाई सुचवली. रुपाबाई पायाळू, म्हणजे जन्मताना पायाकडून आलेली. अशा माणसानं लाथ मारली की पाठीत भरलेली चमक निघून जाते, असं सगळा मुलूख मानतो. आता गंमत अशी की हाच अमरदीप स्टेजवर ‘अंधश्रद्धा सोडा’ म्हणून गळ्याच्या शिरा ताणून कोरस द्यायचा. पण दुखायला लागलं की माणूस लाथही मागून खातो. त्या दिवशी संध्याकाळी रिसोडला कार्यक्रम होता. वाटेत, दुपारच्या उन्हात कुणी ओळखीचं नसेल असा हिशेब करून त्यानं गाडी तांड्याकडे वळवली.

“मी भाईरच थांबतो,” सुकेशनी म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता, पण अमरदीपचं लक्ष लाथेकडे होतं.

रुपाबाईनं त्याला सदरा काढून उंबऱ्याशी पालथं पाडलं. डावा पाय उचलला, आणि उचललेला तसाच खाली ठेवला.

“हे काय व्हय रे?” ती खाली वाकली. “पाठीवर निळं झालं हाये. अंगठ्याएवढं.”

“ढोलकीच्या पट्ट्याचं असन.”

“पट्ट्याले अंगठा असते का? उठून बस पाहू.”

तो उठून बसला. रुपाबाईनं मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तिचा अंगठा मागच्या निळ्या डागावर बसला आणि पुढे वाकून पाहिलं तर हाडाच्या खाली, तिच्या बोटांशी, आणखी चार डाग होते. तिच्या बोटांपेक्षा बारीक बोटांचे. रुपाबाईनं मान वर केली आणि दारातल्या सुकेशनीकडे पाहिलं.

“हा बाईचा हात हाये. काहून वं, नवऱ्याले मारतं का?”

अमरदीप हसणार होता. पण सुकेशनी मटकन खाली बसली आणि तोंडात ओढणी कोंबून रडायला लागली.

“सुकेशनी, काय झालं?”

“मले बाजूचं दिसत नाई,” ती म्हणाली. “फक्त समोरचं दिसते, नळीतून पाह्यल्यावानी. समोर तुमची पाठ. गाड्या कुठून येतात काई समजत नाई, एकदम अंगावरच येते. मंग हात घट्ट होते. मी सोडाले पाहातो, सुटत नाई.”

अमरदीपला आपलंच बोलणं आठवलं. गेल्याच आठवड्यात तिनं पाण्याचा तांब्या लवंडला, तेव्हा तो चारचौघांत म्हणाला होता, “आंधळी हाय का?” लोक हसले होते. तीही हसली होती.

“सांगतलं काहून नाई? मी मेलो होतो का?”

“सांगतलं असतं तं तुमी मले घरी बसोलं असतं. दुसरी गाणारी पाह्यली असती.”

“नसती पाह्यली,” असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं, आणि ते उघडंच राहिलं. पाहिली असती. वाशीमच्या कोणत्या पोरीला फोन केला असता, तेही त्याला आत्ता, या क्षणी ठाऊक होतं. बायकोचे डोळे चालले होते, आणि तिला भीती होती ती त्याची. हे पचवायला त्याला कुठली गोळी मिळणार होती?

लाथ राहिलीच. “अकोल्याले डोळ्याच्या डॉक्टरकडं ने तिले,” एवढं बोलून रुपाबाईनं दोघांना पाणी दिलं.

“उद्याच जाऊ,” गाडीला किक मारत अमरदीप म्हणाला. “आज रिसोड. बस.”

सुकेशनी मागे बसली, पण खांदा न धरता तिनं सीटचा पट्टा धरला. त्यानं तिचा हात ओढून पुन्हा खांद्यावर ठेवला.

“मी सांगत जातो. ट्रॅक्टर येऊन राह्यला, उजवीकडून.” ट्रॅक्टर गेला. बोटं सैलच राहिली. “टेम्पो. मागून.” टेम्पोही गेला.

पण माणसाचं मन मोठं वाईट. सरळ रस्त्यावर दुरून एसटी येताना दिसली, आणि अमरदीपच्या डोक्यात किडा वळवळला. एवढी मोठी, लाल बस. हिला खरंच दिसत नसेल? तो गप्प राहिला. बस जवळ आली. तिची बोटं सैल. बस पार शेजारी आली, तरी सैल. मग वाऱ्याचा झोत अंगावर आदळला, सुकेशनी “आई वं!” म्हणून किंचाळली आणि पाचही बोटं त्याच्या खांद्यात रुतली.

त्यानं कशीबशी गाडी कडेला घेतली. बस अंगाला घासून जाईपर्यंत तिला दिसली नव्हती. अशा अंधारात ती पूर्ण हंगाम त्याच्या मागे बसून फिरली, आणि प्रत्येक गावात उतरून गायली.

मग सुकेशनीनं विचारलं, “पाहून राह्यले होते ना, मी खरं बोलतो का खोटं?”

“हो,” अमरदीप म्हणाला. त्याला लाजेनं मागे वळून बघवेना.

तिनं खांद्यावरचा हात काढला नाही. “चाला. उशीर होते.”

रिसोडपर्यंत त्यानं रस्त्यावरचं काही सोडलं नाही. शेळी, सायकल, डोक्यावर मोळी घेतलेली म्हातारी, सगळं ओरडून सांगत गेला. मधेच त्याचा आवाज फुटायचा. तेव्हा मागून सुकेशनी म्हणायची, “आयकू आलं मले. तुमी पुढं पाहा.”