मानाची जागा सोडायला लावणारी मी

मी प्रोस्टेट ग्रंथी बोलतेय. नाक मुरडू नका! ओस्कोनबाय आजोबांच्या पोटात, मूत्राशयाच्या अगदी खाली माझा मुक्काम. लघवीची नळी माझ्या मधोमध जाते. म्हणजे नाका माझ्याच ताब्यात!

आजोबा वयात आले तेव्हा पुरुषी हार्मोनचा हुकूम आला, "वाढ!" मी अक्रोडाएवढी झाले. वीर्यातला काही द्रव मीच पुरवते, म्हणून त्यांच्या चार लेकरांत माझाही वाटा आहे. कुणी बोलत नाही, म्हणून मीच सांगते.

म्हातारपणी रक्तातलं ते हार्मोन कमी झालं, तरी माझ्या घरात त्याचा जहाल अवतार तयार होतच राहिला. मी हुकमाची ताबेदार. वाढत गेले, नळी आवळली गेली. आजोबांना तासातासाला उठावं लागे आणि धार काही धड येत नसे.

डॉक्टरीण अनारकानबाई म्हणाल्या, "आजोबा, गोळीनं तो हुकूम थांबतो. पण सहा महिने धीर धरा."

कसले सहा महिने! नात चोलपोनची सोयरीक आठवड्यावर आलेली.

आमच्याकडे मोठ्या माणसाची मानाची जागा तोरवर, म्हणजे दारासमोरच्या भिंतीशी. तिथून उठायचं तर सगळी पंगत हलवावी लागते. म्हणून व्याह्यांच्या घरी आजोबा आपले दाराशीच टेकले. व्याही जुमाकादिर यांचा चेहरा पडला.

"आक्साकल, तुमच्यासारख्या वडीलधाऱ्याला आमचं घर हलकं वाटलं होय? सोयरीक नको असेल तर आत्ताच सांगा. मांस अजून पातेल्यातच आहे."

चोलपोनची आई रडकुंडीला आली. ज्या माणसानं घरातसुद्धा कधी माझी तक्रार ओठांवर आणली नव्हती, त्यानं भर पंगतीत घसा खाकरला.

"व्याहीबुवा, घर सोन्यासारखं आहे. मला लघवी धरवत नाही हो! वय झालं, दुसरं काय? गोळ्या घेतोय."

मग जुमाकादिर उठले, तोरवरची सगळ्यात जाड गादी ओढत दाराशी आणली आणि आजोबांच्या मांडीला मांडी लावून बसले.

"आणि मला वाटत होतं, मी एकटाच आहे! आणा ते मांस, इथेच वाढा!"

सोयरीक पक्की झाली. गोळ्यांनी मी आता आकसत चाललेय, पूर्वीचा रुबाब उरला नाही. पण वाचकहो, तुमच्या घरचे आजोबा दाराशी बसू लागले तर रुसू नका, त्यांना डॉक्टरकडे न्या. मला विचाराल तर त्या दुपारी मी पंचक्रोशीतल्या सगळ्यात धीट माणसाच्या पोटात होते.