बंदुकीचे दोन बार

आमच्या कोडगूत, तुम्ही ज्याला कूर्ग म्हणता तिथे, मरणाचं बोलावणं करत नाहीत. लग्नाचं करतात, नवान्नाचं करतात. माणूस गेला की अंगणात उभं राहून बंदुकीचे लागोपाठ दोन बार काढायचे. ज्याला ऐकू येईल त्याने हातातलं काम टाकून पांढरे कपडे घालायचे आणि निघायचं. कोण गेलं हे वाटेत विचारायचं. मुलगा झाला की एक बार, माणूस गेला की दोन. आमच्याकडचं शेंबडं पोरसुद्धा यात चुकत नाही. चुकला तो माझा शहाणा पुतण्या, बंगळूरला शिकून आलेला सोमण्णा.

आई लवकर गेल्यामुळे त्याला मीच वाढवलं. मला अव्वा, म्हणजे आई म्हणतो, म्हणून जास्तच राग येतो. कॉफीच्या मळ्यात कडेला चार खोल्या बांधून त्याने पाहुणे ठेवायला सुरुवात केली. दारात पाटी लावली, 'कोडगूत काय पाहाल?' धबधबा, हत्तींची आंघोळ, राजाच्या बैठकीवरून सूर्यास्त, कावेरीचा उगम. आणि सगळ्यांत खाली, 'संध्याकाळी सहा वाजता आमच्या अंगणात पारंपरिक बंदूक'.

पहिल्या दिवशी त्याने एकच बार काढला होता, हे खरं. पण पाहुण्यांतली एक बाई म्हणाली, "अरे, माझं व्हिडिओचं बटणच दाबलं गेलं नाही, आणखी एकदा!" आणि या गाढवाने तिथल्या तिथे दुसरा काढला.

अर्ध्या तासात गाव दारात हजर. सगळ्यांच्या पुढे पेम्मय्या, पलीकडच्या मळ्याचा मालक, माझ्या नवऱ्याचा लहानपणापासूनचा मित्र. फाटकापासूनच रडत आला. त्याच्या मागे पांढऱ्या साड्यांतल्या बायका. माझा नवरा मादय्या वर्षभर अंथरुणाला खिळलेला, म्हणजे गेला तो तोच, असं सगळ्यांनी धरलेलं. आणि इकडे हिरवळीवर पाहुणे डुकराचं मटण आणि तांदळाचे उकडलेले गोळे, आमचे कडंबुट्टू, हादडत बसलेले. त्यांना वाटलं, हाही कार्यक्रमातलाच भाग. त्यांनी बायकांचे फोटो काढले.

पेम्मय्या आत गेला, मादय्याला जिवंत पाहून मटकन खाली बसला आणि मग सोमण्णाला अशा शिव्या घातल्या की मी पदर तोंडाला लावून हसले. तेव्हा हसले, कारण मला वाटलं, झालं, आता संपलं.

कसलं संपतंय! दुसऱ्या आठवड्यात पुन्हा दोन, आणि मग रोजच. पाहुण्यांना म्हणे दोनच आवडतात, एकाने पोट भरत नाही.

"सोम्या, एक काढ. नाहीतर तीन काढ. दोन काढू नकोस," मी म्हटलं.

"अव्वा, दुनाळी बंदूक आहे. तीन कसे काढू? आणि ही माणसं दिवसभर धबधबा बघतात, हत्ती बघतात. संध्याकाळी काय करायचं त्यांनी?"

"पत्ते खेळा म्हणावं. नाहीतर झोपा म्हणावं."

"तुला काय, घरावरची कौलं आपोआप नवी झाली वाटतं?"

कौलं त्याने घातली, ते मी नाकारत नाही. पण कौलांसाठी कुणी आपलं मरण विकत नाही. मी काडतुसं तांदळाच्या डब्यात लपवली. त्याने गावातून नवी आणली.

सगळ्यांत हाल झाले ते मादय्याचे. त्याची आठवण पार गेलेली, पण कान शाबूत. रोज संध्याकाळी दोन बार झाले की अंथरुणातून उठायची धडपड करायचा. "चोंदव्वा, कोण गेलं गं?" "कोणी नाही. पाहुण्यांसाठी वाजवलंय." "खोटं बोलू नकोस. माझे पांढरे कपडे काढ." मग रडायचा. कुणासाठी ते त्याला ठाऊक नसायचं, पण रडायचा. आणि बाहेर टाळ्या. मी सोमण्णाला हात धरून आत आणलं, हे दाखवलं. त्याने काकाचं पांघरूण नीट केलं. दुसऱ्या दिवशी सहाला पुन्हा अंगणात.

गावाने मात्र लवकरच यायचं सोडलं. दुसऱ्या वेळी पाच-सहा जण आले, तिसऱ्या वेळी एकटा पेम्मय्या, तोही फाटकातूनच थुंकून परत गेला.

मादय्या गेला तो कॉफी तोडणीच्या दिवसांत, दुपारी. मी त्याला पेज भरवत होते. एक घोट गिळला, दुसरा गिळलाच नाही.

सोमण्णा बंदूक घेऊन अंगणात गेला. रडत होता. दोन बार काढले. आवाज डोंगरावर आपटून परत आला आणि कडेच्या खोल्यांची दारं उघडली.

"आज लवकर?" कुणीतरी विचारलं.

"थांबा, थांबा, माझा मोबाइल आत राहिला! अंकल, एकदाच आणखी!"

टाळ्या वाजल्या. सोमण्णा बंदूक धरून नुसता उभा. मी ओट्यावर आले.

"सांग त्यांना," मी म्हटलं.

त्याने बंदूक ओट्याला टेकवली आणि तोंड फिरवलं. मग मीच सांगितलं, "माझा नवरा गेलाय. टाळ्या वाजवून झाल्या असतील तर जेवून घ्या."

ते आत पळाले. मी पाणी तापत ठेवलं आणि फाटकाकडे बघत बसले. कोणी आलं नाही. रस्त्यावरून एक जीप गेली, थांबली नाही. समोरच्या उतारावर पेम्मय्याच्या मळ्यात मिरीच्या वेलाला लावलेली शिडी दिसत होती, आणि शिडीवर माणूस.

सोमण्णाने खिशातून फोन काढला. तो मी हिसकावून घेतला.

"मरणाला फोन करतोस? जा. अनवाणी जा. प्रत्येक दारात उभा राहा आणि सांग, आज खरंच कुणीतरी गेलंय."

"अव्वा, लोक तोंडावर दार लावतील."

"लावू देत."

तो गेला. दारं लावली की नाही मी विचारलं नाही. तासाभराने फाटकातून पहिला आला तो पेम्मय्या. पांढरे कपडे नव्हते, मिरी तोडायचाच सदरा होता, धावत आल्याने धाप लागलेली. मादय्याच्या पायांशी न जाता माझ्यासमोरच उभा राहिला.

"ऐकले होते," तो म्हणाला. "दोन्ही ऐकले, चोंदव्वा. बायकोला म्हटलं, बघ, आज दुपारीच सुरू झाला याचा पाहुण्यांचा तमाशा. आणि मी कॉफी मागवली. तो इथे पडलेला आणि मी शिडीवर बसून कॉफी प्यायलो!"

सोमण्णा मागे येऊन उभा होता. पेम्मय्याने वळून त्याच्या कानशिलात लगावली. एक. मी अडवलं नाही. मग म्हातारा स्वतःच्या तोंडात मारून घ्यायला लागला, तेव्हा मी त्याचे दोन्ही हात धरले.

तुमची चूक नाही, असं म्हणायची वेळ होती ती. सगळे तेच म्हणतात. माझ्याने म्हणवलं नाही.

"तुम्ही ऐकलंत आणि बसून राहिलात," मी म्हटलं. "तुमच्या घरचे दोन बार ऐकून मीही बसूनच राहिले असते, अण्णा. भाजी चिरत. त्याचाच राग येतोय मला. चला आत, पाणी तापलंय. त्याला आंघोळ घालायचीय."