गाभाऱ्याची किल्ली

मी एक जुना बटणांचा फोन आहे, मित्रांनो. नरसिंहपूरच्या सावळारामआबांच्या देवघरात, समईशेजारी माझी जागा. पाचाचं बटण झिजून कोरं झालंय, पण आवाज अजून खणखणीत!

कारखान्यातून निघून मी आबांच्या हाती आलो, तेव्हा त्यांनी मला टाळांच्या पिशवीत ठेवलं. गावोगावच्या कीर्तनांची आमंत्रणं माझ्यावरच यायची; पत्रिकांवर माझाच नंबर असे. "लई गुणाचा हाय," म्हणून आबा कौतुक करत. मग घरात काचेचा मोठा फोन आला आणि मी फडताळात गेलो. रिचार्ज तेवढा चुकत नसे. बाहेरून मृदंग ऐकू यायचा, पण मला कुणी हात लावीना.

मोठ्या फोनवर, एका ऑनलाइन खात्यात, आबांनी आपल्या गुरूंची, दत्तोबाबुवांची कीर्तनं जपली होती. बुवा देवाघरी गेले. त्यांचा आवाज उरला तो एवढाच. तो साऱ्यांना लाभावा म्हणून कीर्तन संपलं की आबा, महाप्रसादाचं सांगावं तसा, खात्याचा पासवर्ड माईकवरून सांगत. म्हणत, "देवाचं नाव कुलपात ठिवायचं व्हय?"

एका सकाळी निम्मी कीर्तनं गायब! कुणीतरी पुसून टाकली होती. लोणी देवकरला कंपनीत काम करणारी नात माधवी धावत आली. तिनं खात्याच्या कचरापेटीतून कीर्तनं परत काढली आणि पासवर्ड बदलला.

"आबा, ऐकायला लिंक देते, तिला पासवर्ड लागत न्हाय. आन आता खात्याला दोन दारं. पासवर्ड म्हंजी महाद्वार. तितनं कुणी आत आलं तरी गाभाऱ्याला येगळी किल्ली, दर खेपेला नवा कोड. तो कुठल्या फोनवर मागवू?"

"मोठा फोन आळीभर फिरतोय," आबांची कारभारीण कुशाआजी म्हणाली. "त्या म्हाताऱ्याला काढ की भाईर."

म्हातारा म्हणजे मी! चार्जर लागला आणि माझ्या अंगात जीव आला.

पण सवय कुठली सुटायला? एकादशीला आबांनी नवा पासवर्डही माईकवर सांगून टाकला. दुसऱ्याच दिवशी मी थरथरलो. कोड आला होता. आबा तो वाचतात न वाचतात तोच कुणा अनोळख्याचा फोन आला. "बुवांची कीर्तनं टीव्हीवर लावायचीत. आलेला कोड सांगा."

आबांचे डोळे भरून आले. "व्हय, सांगतो की. चार..."

आजीनं मला हिसकावलं. "अवं, महाद्वार माईकवर उघडलंत, आता गाभाऱ्याची किल्लीबी वाटताय? दर्शनाला आलेलं माणूस किल्ली मागतंय व्हय?"

आबा ओशाळले. "आण हिकडं," म्हणाले, आणि त्यांनीच माझं लाल बटण दाबलं. मग माधवीला सांगून पासवर्ड पुन्हा बदलून घेतला.

पुढच्या कीर्तनात आबा माईकवर उभे राहिले. "मंडळी, पासवर्ड इचारू नगा. लिंक घ्या आन पोटभर ऐका!" त्या दिवसापासून घराघरांत बुवांचा आवाज घुमतोय. मी समईशेजारी जागा आहे.

मित्रांनो, आम्ही आणलेला कोड कुणी कितीही गोड बोलून मागो, देऊ नका. आणि फडताळातल्या आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना अधूनमधून चार्जिंगला लावत जा. तुमच्याही घरचा एखादा आवाज आम्ही जिवापाड राखू.